पिवळं जरा कमी कर

६ जानेवारी

प्रिय मामा,

फोन असताना पत्र कशाला, असं मामी म्हणेल. तिला सांग, फोनवर तू सगळ्याला "हो, हो" म्हणतोस आणि ठेवल्यावर तिलाच विचारतोस की ठिपकी काय म्हणत होती. शिवाय या पत्रामागून बरेच कागद यायचे आहेत. ते फोनमधून येत नाहीत.

आईची ट्रंक शेवटी उघडली. नऊ महिने ती पलंगाखाली होती आणि मी रोज तिच्याभोवतीचा केर काढत होते. वर जुने स्वेटर, आणि त्यांच्याखाली तुमच्या छापखान्यासाठी तिनं रंगवलेली सगळी मूळ चित्रं. साबणाची वेष्टणं, जॅमच्या बाटल्यांची लेबलं, टॉफीचे कागद, वह्यांची मुखपृष्ठं. एकशे बारा भरली. प्रत्येकावर पातळ कागदाचं पांघरूण. पोरांना पांघरूण घालताना सुद्धा तिनं एवढी काळजी घेतली नव्हती, हे मी साक्षीदार म्हणून सांगते.

मामा, मी यांचं पुस्तक करणार आहे. चौसष्ट पानं, चार रंगांत, तिच्या नावानं. एप्रिलमध्ये तिला जाऊन वर्ष होईल, त्याआधी हातात हवं.

मी बारा वर्षं डिझाइनचं काम करते, पण ते सगळं पडद्यावरचं. लोक ते बोटानं वर सरकवतात आणि विसरतात. कागदावर मी आजवर एकच गोष्ट छापून घेतली, माझं स्वतःचं कार्ड, आणि त्यात फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे कापले गेले. म्हणून आता तुझ्या दारात आले आहे. छापखान्यात पाऊल टाकण्याआधी काय काय माहीत हवं ते सांग.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग. ही चित्रं चाळीस वर्षांची आहेत. किती उतरली, किती जुनाट झाली, मला कळत नाही. ती ताजी असताना कशी दिसायची हे सांगू शकेल असा आता तू एकटाच उरलास.

तुझी,
ठिपकी


१४ जानेवारी

चि. ठिपकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून मामीनं डोळ्याला पदर लावला आणि मग म्हणाली, पोरीला आधी विचारा जेवते का वेळेवर. विचारलं असं समज.

कार्डावरचा नंबर कापला गेला याचं कारण, तू रंग बरोबर काठाशी संपवलास आणि अक्षरंही काठाला नेऊन टेकवलीस. कापणारं पातं काही देवाचं नसतं, केसभर इकडेतिकडे होतंच. म्हणून रंग कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर जाऊ दे आणि अक्षरं रेषेच्या आत पाच मिलिमीटर ठेव. एवढं पाळलंस तर निम्म्या दुःखातून सुटलीस.

मजकूर नुसत्या काळ्या शाईत छाप. चार रंग मिसळून काळा करायचा मोह होतो, पण प्लेट जरा हलली की प्रत्येक अक्षराला रंगीत झालर लागते. कागद घेताना एक तुकडा फाडून बघ. ज्या दिशेनं सरळ फाटेल ती दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी, नाहीतर पुस्तक उघडं राहत नाही, रुसल्यासारखं मिटतं. चकाकी नसलेला कागद शाई पितो, रंग एक पायरी गडद होतो, ते आधीच धरून चाल. एका कागदाला तीन घड्या घालून सोळा पानांची डमी हातानं कर. आणि प्रूफ बघायचं ते दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, ऊन थेट नको. अंगात पिवळा किंवा लाल कपडा नको, त्याची झाक कागदावर पडते. तुझी आई प्रूफ बघायच्या दिवशी मुद्दाम राखाडी स्वेटर घालून यायची. लोकांना वाटायचं, बाईला दुसरा स्वेटर नाही.

तिचं टेबल मशीनच्या बाजूलाच होतं. मशीन चालू झालं की टेबल थरथरायचं, आणि ती दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात रेघ मारायची. मी म्हणायचो, ताई, तुला वरच्या खोलीत बसवतो. ती म्हणायची, तिकडे हात स्थिर राहायचा नाही. तू चार वर्षांची असताना माझं भिंग घेऊन तिच्या टेबलाखाली बसायचीस आणि छापलेल्या बाईच्या गालावरचे ठिपके मोजायचीस. एकदा दोनशेपर्यंत जाऊन रडलीस, कारण पुढचे आकडे येत नव्हते. तेव्हापासून तू ठिपकी.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. त्या एकशे बारापैकी एकाही लेबलावर तिचं नाव छापलं गेलं नाही. तळाला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असायचं, म्हणजे माझं. मी एकदा गिऱ्हाइकाला विचारलं होतं, खाली चित्रकाराचं नाव टाकू का. तो म्हणाला, जॅम विकायचाय की बाई? मी हसलो. ताई मागेच उभी होती. ते हसणं मला अजून टोचतं. त्यामुळे हे पुस्तक नुसतं छापायचं नाही, बरोबर छापायचं आहे. मला दुसरी संधी नाही.

प्रूफ पाठव. रंगाचं माझ्यावर सोड.

मामा


२७ जानेवारी

प्रिय मामा,

डमी केली. तीन घड्या घातल्या, पानांवर आकडे टाकले, कागद उलगडला तर निम्मे आकडे डोक्यावर उभे. तीनदा परत केली, तीनदा तेच. मग इथल्या छापखान्याच्या मशीनमनला दाखवली. तो फार हसला आणि म्हणाला, बाई, ते तसंच असतं, घडी घातली की सरळ होतात. तू मला हे का नाही सांगितलंस? मुद्दाम ना?

मशीनमन चांगला माणूस आहे. कमी बोलतो. प्रत्येक चित्रावर एक छोटं यंत्र टेकवतो, ते रंगाचे आकडे सांगतं. त्याच्या मते मूळ चित्रांचे रंग टिकलेत, अंधारात राहिल्यामुळे. मी त्याला म्हटलं, ती अंधारात जाण्याआधी कशी होती हे तुमच्या यंत्राला माहीत नाही, माझ्या मामाला माहीत आहे.

सोबत पहिली आठ प्रूफं. जॅमच्या लेबलावरची ती तीन संत्री नीट बघ, ते चित्र मुखपृष्ठावर घ्यायचं आहे. मला ती बरी वाटतात. पण मी बरी म्हणून काय उपयोग.

ठिपकी


४ फेब्रुवारी

चि. ठिपकीस,

डमीचं मुद्दामच सांगितलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी तर अख्खा दिवस आकडे सरळ करत बसलो होतो आणि शेवटी ताईनंच येऊन कागदाची घडी घालून दाखवली.

प्रूफं तीन दिवस खिडकीत ठेवून बघितली. रेघा स्वच्छ, जोडणी उत्तम. पण पिवळं फार आहे. सगळीकडे. संत्र्यांखालचं पांढरं फडकं पांढरं नाही, साबणाच्या वेष्टणावरच्या बाईचा गाल तर हळद लावल्यासारखा दिसतो. तुझा मशीनमन काय म्हणतो त्याला अर्थ नाही. चाळीस वर्षांत कागद पिवळा पडणारच, आणि यंत्र जे समोर आहे तेच मोजणार. ताईची संत्री अशी नव्हती. तिच्या संत्र्यांकडे बघून गार वाटायचं. पिवळं जरा कमी कर. भीत भीत नको, चांगलं हात सैल सोडून कमी कर.

आणि पत्र जरा गडद शाईत लिही. तुमच्या आजकालच्या पेनांत दम नाही.

मामा


२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू दुसरं प्रूफही "अजून पिवळं" म्हणून परत पाठवलंस, आणि तिसरंही. तेव्हा मी तुझं ऐकून पिवळं आणखी कमी केलं आणि काल पहिला फर्मा मशीनवर चढवला. सोळा पानं.

मला हे सगळं तुला सांगायचं होतं, कारण तू आणि आई किती वेळा असे उभे राहिला असाल. मशीन आधी हळू फिरतं. पहिले पन्नास-साठ कागद वायाच जातात, मग रंग हळूहळू जागेवर येतो. मशीनमन एक कागद ओढून टेबलावर ठेवतो आणि बाजूला सरकतो. तो कागद बरोबर आहे असं म्हणून सही करायची, की पुढचे सगळे तसेच. शाईचा वास आला आणि मला एकदम आईच्या टेबलाखाली बसल्यासारखं वाटलं. मी रडले. मशीनमननं मला कापूस दिला, शाई पुसायचा.

त्यानं एकदाच विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. सही केली.

पण घरी आणून बघते तर संत्री गुलाबी दिसतात. फडकं निळसर. साबणवाली आठवडाभर तापात पडून उठल्यासारखी. मी स्वतःला समजावते आहे की मला पिवळी पडलेली चित्रंच बघायची सवय झाली होती आणि खरी ही अशी. तसंच असेल ना?

छापलेला कागद सोबत आहे. तू एकदा "बरोबर" म्हण, म्हणजे मला झोप लागेल.

ठिपकी


१ मार्च

चि. ठिपकीस,

कागद पोचला. छान आहे. अगदी किंचित पिवळं अजून राहिलंय, पण त्यासाठी आता थांबू नकोस. ताईचं चित्र आता ताईचं दिसतं. मी संत्र्यांवरून हात फिरवला.

पुढचा फर्मा चढव. तुला सांगतो, हात गेले, कान गेले, छापखाना विकला, पण डोळा राहिला. हे पुस्तक करायलाच राहिला असेल.

मामा


३ मार्च

प्रिय ठिपकी,

मी मामी. हे पत्र मी तुला लिहिलं हे यांना कळता कामा नये. पोस्टात मीच टाकणार आहे, भाजीच्या पिशवीतून नेऊन.

तुझा तो छापलेला कागद मी पाहिला. मला रंगातलं काही कळत नाही, पण संत्रं कसं असतं ते कळतं. गुलाबी संत्रं मी जन्मात पाहिलं नाही. हे मात्र खिडकीत बसून म्हणत होते, वा, वा.

आता ऐक. गेली दोन वर्षं यांना आमच्या पांढऱ्या चादरी पिवळ्या दिसतात. मी तीन साबण बदलले. मग दूध पिवळं येतं म्हणून दूधवाल्याशी भांडले, तो बिचारा महिनाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही. मग भिंतींना पांढरा रंग काढला. रंगारी डबा उघडून दाखवत होता, साहेब, याहून पांढरा कारखान्यात बनत नाही, आणि हे म्हणत होते, मला शिकवू नकोस, मी चाळीस वर्षं रंगात काढली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं यांना दिसेना आणि भिंत पिवळी.

गेल्या पावसाळ्याआधी मी फसवून डॉक्टरांकडे नेलं होतं, माझे डोळे दाखवायचेत म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय ते बदलायचं. हे उठले आणि चप्पल घालून चालू लागले. घरी आल्यावर मला शपथ घातली की ठिपकीला सांगायचं नाही. आता तू प्रूफं रंग बघायला यांनाच पाठवतेस, म्हणून गेले दोन महिने घरात मान ताठ करून फिरतात. एवढे खूश मी यांना छापखाना विकल्यापासून पाहिले नव्हते. म्हणून मीही गप्प बसले. चुकलं माझं.

पुढचा फर्मा चढवू नकोस. काय करायचं ते तू बघ. पण माझं नाव घेऊ नकोस.

जेवत जा वेळेवर.

मामी


१२ मार्च

प्रिय मामा,

मी मशीन थांबवलंय.

आठ दिवस या पत्राचे खर्डे फाडते आहे. एकात मी खोटं बोलले होते की कागद संपला. पण तूच शिकवलंस की चूक दिसली की पहिल्यांदा मशीन बंद करायचं आणि मग कारण शोधायचं, चालू मशीनवर कारण शोधायला गेलं तर हात जातो.

तर कारण शोधलं. मी मूळ चित्र, पहिलं प्रूफ आणि छापलेला कागद घेऊन भर दुपारी गच्चीवर गेले. शेजारी एक खरं संत्रं ठेवलं. मामा, आईचं मूळ चित्र त्या संत्र्यासारखं आहे. पहिलं प्रूफही. मशीनमनचे आकडे बरोबर होते. पिवळं कागदात नाही.

तू एक कर. खिडकीत बस आणि आधी एक डोळा झाकून त्या कागदाकडे बघ, मग दुसरा झाकून. दोन डोळ्यांत थोडा जरी फरक दिसला तरी तुला माझ्याहून जास्त कळेल, काय झालंय ते.

मला तुझ्यावर राग आहे, हेही सांगते. सोळा पानं वाया गेली याचा नाही. तू लपवलंस याचा. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, ती भाजीच्या पिशवीतून पत्र नेणारी बाई कोण असेल ते तुला काय माहीत.

पुस्तक एप्रिलमध्ये होणार नाही, चालेल. वर्ष होऊन गेलं म्हणून आई काही रागावणार नाही. पण तुझे डोळे दुरुस्त झाल्याशिवाय मी एकही कागद छापणार नाही. ही धमकी आहे.

ठिपकी


२१ एप्रिल

चि. ठिपकीस,

महिनाभर उत्तर नाही म्हणून मामीला फोन करून करून तू तिचा जीव खाल्लास. ती मला काही सांगायची नाही, तुला काही सांगायची नाही, आणि दोघांच्या वतीनं रडायची. आता मीच लिहितो.

तुझं पत्र आल्यावर मी ते दोनदा वाचलं. मग खिडकीत बसलो आणि तू म्हणालीस तसे डोळे झाकून बघितले. खरं सांगू? ते मी आधीही करून पाहिलं होतं. डावा डोळा उजव्याहून जास्त पिवळा, हे मला गेलं वर्षभर माहीत होतं. मी मानत नव्हतो, एवढंच. मुद्रकाला डोळा गेला म्हणून सांगणं म्हणजे गवयाला घसा गेला म्हणून सांगण्यासारखं आहे. आणि दुसरी भीती अशी, की नवीन भिंग बसवल्यावर ताईचे रंग मला आठवतात तसे दिसलेच नाहीत तर? आठवणीतले तरी माझ्याजवळ होते. तेही जातील असं वाटलं.

पाच तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. भिंत पांढरी होती. रंगाऱ्याची माफी मागायला हवी. मामीचा स्वेटर मी राखाडी समजत होतो, तो जांभळा निघाला. ती म्हणाली, तुम्हीच आणला होतात. आकाश बघून तर मी शेजाऱ्यांना हाक मारणार होतो.

मग तुझं पहिलं प्रूफ काढलं. ठिपकी, ते बरोबर होतं. ताईची संत्री जशीच्या तशी. मी तुझ्याकडून ती तीन वेळा बिघडवून घेतली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण एक गोष्ट उरते, ती मी कोणाला सांगितलेली नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे जाण्याआधी तीन महिने, ताईनं मला पोस्टानं एक चित्र पाठवलं होतं. हीच तीन संत्री, पुन्हा नव्यानं काढलेली. खाली लिहिलं होतं, "हात चालतोय का बघत होते. कसं झालंय?" मी तिला काय लिहिलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "ताई, हात गेला तुझा. सगळं पिवळं करून ठेवलंस. आता राहू दे, आराम कर." गमतीत लिहिलं होतं, आम्ही एकमेकांना असंच लिहायचो. त्यानंतर तिचं चित्र आलं नाही. मग ती आजारी पडली, मग गेली.

काल ते चित्र काढून उजव्या डोळ्यानं बघितलं. त्यात काहीही चूक नाही. फोडीच्या आतला उजेड तिनं चाळीस वर्षांपूर्वी पकडला होता, त्याहून चांगला पकडलाय. ऐंशीला आलेल्या बाईनं. आणि मी तिला म्हटलं, राहू दे.

माझ्या एका ओळीनं तिचा ब्रश थांबला. नाव छापलं नाही ते एक, आणि हे दुसरं. पहिल्याची भरपाई तू करते आहेस. दुसऱ्याची कोणी करायची?

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन सात मे रोजी आहे. पुस्तक तुझ्या मशीनमनच्या आकड्यांनी छाप. मला विचारू नकोस.

मामा


२८ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचलं आणि कपाटातून एक चित्र काढलं. ते ट्रंकेत नव्हतं. पुस्तकातही मी ते घेतलं नव्हतं, आणि तुला त्याबद्दल बोललेही नव्हते, कारण मला आईची लाज राखायची होती. आता माझीच लाज वाटते.

गेल्या फेब्रुवारीत एक दिवस कामावरून घरी आले तर आई खिडकीत बसून रंगवत होती. चष्म्याच्या दोन्ही काचांवर पिवळा जिलेटीन कागद चिकटवलेला, आपण भेटवस्तूंना गुंडाळतो तो. मी विचारलं, आई, हे काय? ती म्हणाली, "गप्प बस. मी मामाकडे गेलेय."

तूच सांग, मी काय समजायचं होतं? ऐंशीच्या घरातली बाई, स्वतःच्या घरात बसून म्हणते मी भावाकडे गेलेय. मी घाबरले. डोळ्यावरचा कागद ओढून काढला. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, तिच्या स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली. त्यांनी तिला विचारलं, आज कोणता वार. तिनं वार सांगितला, तारीख सांगितली आणि डॉक्टरांच्या टायचा रंग शर्टाला शोभत नाही हेही सांगितलं. मग माझ्याकडे बघून हसली. चार दिवसांनी पुन्हा कागद चिकटवून बसलेली दिसली, तेव्हा मी तो ओढून काढला नाही. मार्चमध्ये ती अंथरुणाला खिळली.

ते चित्र सोबत पाठवते आहे. तीन संत्री आहेत, गुलाबी. फडकं निळं. मी तुझ्या सांगण्यावरून सही केली त्या फर्म्यासारखंच. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की हा गुलाबी आपण आधी कुठे पाहिलाय. आई वेडी झाली नव्हती आणि तिचा हातही गेला नव्हता. तुझ्या एका ओळीवरून तिनं ओळखलं की तुला काय झालंय. आपल्या कोणालाच, मामीलाही, तेव्हा ते माहीत नव्हतं. तुझ्या डोळ्याला बरोबर दिसेल असं चित्र काढत ती बसली होती.

मागे पेन्सिलीनं लिहिलंय, "आता बघ." टपालात टाकायचं राहून गेलं, कारण टाकायला ती माझ्याकडेच देणार होती आणि मी तिच्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत होते. ते माझं दुःख, तुझं नाही.

मामा, तिचा ब्रश तुझ्यामुळे थांबला नाही. तुझ्यामुळे तिनं तो परत उचलला.

सात तारखेच्या आत तुला मिळायला हवं, म्हणून उद्या सकाळी स्वतः टपालात टाकते. उजवा डोळा झाकून बघ.

ठिपकी


६ मे

चि. ठिपकीस,

पाकीट काल दुपारी आलं. आधी नव्या डोळ्यानं बघितलं. तू म्हणालीस तसंच, गुलाबी संत्री, निळं फडकं, थंडीनं कुडकुडल्यासारखं सगळं. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

मी तुला सांगू शकत नाही. प्रयत्न करतो. फडकं पांढरं झालं. गेल्या दोन वर्षांत मी पाहिलेली ती पहिली पांढरी गोष्ट. आणि संत्री नारिंगी झाली, गार, फोडीतून उजेड येणारी. माझ्या सगळ्या घरात, चादरीत, दुधात, भिंतीत, कुठे नव्हता तो रंग तेवढ्या वीतभर कागदावर होता. ठिपकी, मी ताईला मोठ्यानं हाक मारली. मामी स्वयंपाकघरातून धावत आली. तिलाही म्हटलं बघ, पण तिला कसं दिसणार. तिचे डोळे चांगले आहेत.

मला ती कधी म्हणाली नाही की डोळे दाखव. माझ्याकडून ऐकलं गेलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. आधी मला धीर देणार होती, मग सांगणार होती, असं मी धरून चाललोय.

पुस्तकाचं सांगतो. हे चित्र शेवटच्या पानावर घे. तुझा मशीनमन रंग सुधारायला बघेल, त्याला हात लावू देऊ नकोस. गुलाबी तर गुलाबी, आकडे जसे येतील तसे. बाजूला एका ओळीचाही खुलासा नको. लोक म्हणतील छापखान्यानं घोळ घातला. म्हणू देत. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांच्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या, ही तर आमच्या घरातली गोष्ट आहे. खाली फक्त तिचं नाव टाक, नुसत्या काळ्या शाईत.

डॉक्टरांना आज फोन केला होता. विचारलं, एक डोळा असाच ठेवला तर चालेल का. ते म्हणाले, चालेल, पण ठेवायचा कशाला? मला नीट सांगता येईना. मामीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, उद्या सकाळी आठला येतो.

येतो म्हटलंय तर जाणार. ताईनं एवढी खटपट मला नीट दिसावं म्हणून केली, आणि मी पिवळ्यातच बसून राहिलो तर तिचीच चेष्टा होईल. पण उद्या हा डोळा बदलला की हे चित्र असं परत कोणालाच दिसणार नाही. ज्याच्यासाठी काढलं तो मी एकटाच, आणि माझ्याकडे आजचा दिवस आहे. म्हणून सकाळपासून खिडकीत बसलोय, चांगला डोळा झाकून. मामी जेवायला हाका मारते आहे. तिला म्हटलं, थांब जरा, ताईकडे आलोय.

मामा